ओव्हन, सोडा आणि कॉस्टिक

माझ्या जावेनं मला पहिल्यांदा मारलं ते ओव्हनच्या डागावरून. मी ओट्यापाशी चहा गाळत होते. मागून दंडावर काहीतरी सणसणीत बसलं. गाळणं हातातून सुटलं, चहा सांडून पायापर्यंत आला. वळून पाहते तर जाऊ पोळ्यांचा चिमटा घेऊन पुन्हा हात उगारून उभी.

"काचेवर तूप उडवून ठेवलंस! पुसायला तुझी आई येणार आहे का?"

मी तिचं मनगट धरलं, चिमटा हिसकून घेतला आणि तिच्या गालावर एक ठेवून दिली. मग तिनं माझे केस धरले आणि मी तिचे. आम्ही फ्रिजवर आदळलो, वरचा डबा खाली पडला, रवा सगळीकडे सांडला. दोघी शिकलेल्या, चांगल्या घरच्या. आणि भर सकाळी स्वयंपाकघरात एकमेकींना ओरबाडत होतो. थांबलो ते दम लागला म्हणून. तेव्हा मी माझा तळहात पाहिला. तो काळा, तेलकट झाला होता. तिच्या गालाला लागलेलं काहीतरी माझ्या हाताला आलं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तिनं पदरानं गाल पुसला आणि ती खोलीत निघून गेली.

आमचं घर बोईसरला, एमआयडीसीच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. एक खोली माझी आणि माझ्या नवऱ्याची, एक जावेची आणि थोरल्या दिराची, आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. मूळचे आम्ही सांगलीकडचे. माझा नवरा तारापूरच्या वीज केंद्रात पाळीनं कामाला. मी एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. येणारा-जाणारा माल तपासायचा. दिराचा धंदा रिकाम्या ड्रमांचा. कारखान्यांतून रसायनांचे ड्रम उचलायचे, धुऊन चकचकीत करायचे आणि विकायचे. त्याला मी तोंडावर 'दादा' म्हणायचे, अहो-जाहो करायचे. इथे मात्र 'तो' असंच लिहिणार आहे.

ओव्हन माझा होता. विजेचा, ओट्यावर मावेल एवढा, मी माझ्या बोनसमधून घेतलेला. पण महिन्याभरातच तो जावेचा झाला. मी कामावर गेले की ती त्यात नानकटाई, खारी, लादीपाव करून बघायची. पहिल्यांदा करपलं, दुसऱ्यांदा कच्चं राहिलं, मग असं जमलं की जिन्यातून चढणारी माणसं आमच्या दारासमोर रेंगाळायची. मी घरी आले की तिनं ताटलीत काहीतरी झाकून ठेवलेलं असायचं. मी घास घेईपर्यंत ती समोर उभी राहायची. तेवढ्या वेळात तिचा चेहरा वेगळाच दिसायचा.

दिराला ते बघवलं नाही. तो काही ओव्हन बंद कर म्हणाला नाही. तो ओव्हनमध्ये बोट फिरवायचा. बोटाला काळं लागलं की ते तिच्या गालावर ओढायचा. "बघ, तुझा स्वयंपाक," म्हणायचा आणि तसंच तोंड घेऊन तिला पाणी आणायला लावायचा. पुसलेलं दिसलं की पुन्हा ओढायचा. मी तिला थोबाडीत मारली त्या सकाळी तेच झालं होतं. काचेवरचं तूप माझ्या हातून उडालं होतं, काळं तिच्या गालाला फासलं गेलं होतं, आणि त्याच्यावर उगारता न आलेला चिमटा तिनं माझ्यावर ओढला होता.

हे मला तिनं नंतर सांगितलं. तोपर्यंत आमची आणखी दोनदा जुंपली होती. एकदा तिनं कपबशी भिरकावली, ती माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटली. एकदा मी तिला दाराबाहेर ढकलून कडी लावली. भिंतीपलीकडून रात्री येणारे आवाज मला ऐकू यायचे. धप्प असा आवाज, मग शांतता, मग कपाटाचं दार. मी नवऱ्याला हलवून उठवायचे. तो छताकडे बघत म्हणायचा, "दादाचा स्वभावच आहे तसा. आपण मध्ये पडलो तर वहिनीलाच जास्त त्रास होईल." आणि कूस बदलायचा.

एका सुट्टीच्या दुपारी मी घरात शिरले तेव्हा जाऊ ओव्हनपुढे उभी राहून तारेच्या घासणीनं काच खरवडत होती. ओव्हनची वायर बोर्डात तशीच होती, बटण चालू. डाव्या हाताच्या बोटांना फोड आलेले. दिरानं तिचा पंजा तापलेल्या काचेवर दाबून धरला होता, हे नंतर कळलं. ती रडत नव्हती. तिनं दात आवळले होते आणि तिचा उजवा हात खालीवर, खालीवर चालला होता.

मी आधी प्लग काढला. मग तिच्या हातातली घासणी काढून घेतली. तिनं मला कोपरानं ढकललं. मी हलले नाही.

"ताई, असं निघत नाही. काच तडकेल. चल, हात पाण्याखाली धर."

"डाग निघाला पाहिजे. हे सातला येतील."

"निघेल. मी काढते. तू बघ."

फोडांवर पाणी सोडून झालं, मलम लावलं. ओव्हन पूर्ण गार होऊ दिला. जाळी आणि ट्रे बाहेर काढून गरम पाण्यात भांड्यांच्या साबणात बुडवून ठेवले. खायच्या सोड्यात थोडं थोडं पाणी घालून लापशीसारखा लेप केला आणि तिला दाखवत आतून फासला. वरखालच्या तापणाऱ्या सळ्या तेवढ्या सोडून दिल्या, त्यांना काही लावायचं नाही. काचेवर जाड थर दिला. मग आम्ही खिडकी उघडून जमिनीवर बसलो आणि वाट बघितली. घाईनं घासायचं नाही, सोड्याला त्याचं काम करू द्यायचं, एवढीच त्यातली गोम. लेप वाळून तपकिरी झाला तसा ओल्या फडक्यानं पुसून घेतला. जिथे पांढरट राहिलं तिथे फडक्याला चमचाभर व्हिनेगर लावून फिरवलं; तिथे बारीक फेस आला. जळून बसलेली साखर जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं उचलली.

काच आरपार दिसायला लागली. जावेनं वाकून आत बघितलं.

"ह्यांच्या ड्रमची पावडर आहे ना बाल्कनीत," ती म्हणाली, "हे म्हणतात, तिनं एका झटक्यात निघतं सगळं."

"ते कॉस्टिक आहे, खायचा सोडा नव्हे. त्याला हात लावू नकोस. तुपाचा साबण करतं ते, म्हणून डाग निघतो. पण आपल्या कातडीलाही ते सोडत नाही, ताई. तिचाही साबणच करतं. आमच्या इथे चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू देत नाहीत."

तिनं कार्ड पुसून बाजूला ठेवलं. मग तिनं गालावरच्या काळ्याचं सांगितलं, काचेवर दाबलेल्या हाताचं सांगितलं, आणखी बरंच. ते मी इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "तुला मारताना मला बरं वाटायचं गं. तेवढा वेळ मी मार खाणारी नसायची."

मी तिला निघून जाऊ या म्हणाले. पोलिसांत जाऊ म्हणाले. ती नुसती नाही म्हणून मान हलवत राहिली. माहेरी भाऊ होता, पण त्यानं आधी दोनदा परत आणून सोडलं होतं.

त्यानंतर आम्ही दोघी भांडलो नाही. पण घरातली हवा काही बदलली नाही. ओव्हन लख्ख दिसायला लागला तसा दीर दुसरीकडे डाग शोधू लागला. शर्टावर, चादरीवर, तिच्या बोलण्यात.

मग तो रविवार आला. रिकामे ड्रम ज्याच्या सहीनं बाहेर पडायचे असा एका कारखान्याचा स्टोअरकीपर जेवायला येणार होता. दिरानं त्याला 'ओव्हनमधलं पापलेट' कबूल केलं होतं. आमच्याकडे दर रविवारी सातपाटीची एक मावशी मासळी घेऊन यायची. जिन्यातच बसून ती सगळ्या मजल्यांची मासळी कापून द्यायची. त्या दिवशीही तिनं आमची पापलेटं दिली आणि शेजारच्यांची कापत बसली. माझा नवरा सकाळच्या पाळीला गेलेला. मी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते.

जावेनं एक पापलेट आधी भाजून बघितलं. मसाल्याचं तेल खाली गळलं, तापलेल्या पत्र्यावर जळलं आणि धूर झाला. मला दिराचा आवाज ऐकू आला.

"माणूस दारात येईल आता, आणि हा उकिरडा?"

"गार झाला की पुसते. पाचच मिनिटं—"

बाल्कनीचं दार आपटलं. मग स्वयंपाकघरातून फस्स असा आवाज आला, सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा. पण तो थांबेना, वाढतच गेला. मला तो आवाज ओळखीचा होता. मी धावले.

चहासाठी उकळलेलं पाणी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात होतं आणि त्यानं त्यात कॉस्टिकच्या पापड्या ओंजळभर ओतल्या होत्या. पातेलं विस्तवावर नव्हतं तरी खदखदत होतं. करडा फेस काठावर चढत होता. घशाला झोंबणारी वाफ सगळीकडे.

"दादा, ते ॲल्युमिनियम आहे! खाऊन टाकेल ते! लांब व्हा!"

"लॅबवाली आली मोठी. ड्रम धुतोय मी वर्षानुवर्षं."

शेजारची शेगडी पेटलेली होती. त्या फेसातून निघणारा वायू पेट घेतो हे मला माहीत होतं. मी आधी शेगडी बंद केली, मग ओव्हनचा प्लग खेचून काढला. तेवढ्यात त्यानं फडक्यानं पातेलं उचललं. दुसऱ्या हातानं जावेचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं उघड्या ओव्हनकडे दाबलं.

"घाल तोंड आत. बघ, कसा साफ करतात ते. बघ!"

ओव्हन अजून तापलेला होता. तिनं दोन्ही हात ओव्हनच्या कडांवर रोवले होते. हात भाजत होते तरी सोडत नव्हती. तिचा चेहरा आणि ती सळी यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं. त्याच्या हातातलं पातेलं तिच्या डोक्याच्या बाजूनं पुढे येत होतं.

ओट्यावर खलबत्त्याचा लोखंडी बत्ता होता. मी तो दोन्ही हातांत धरला आणि तिचे केस धरलेल्या त्याच्या हातावर, कोपराच्या खाली, घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. ओलं लाकूड मोडतं तसा. मी पुन्हा घातला.

तो ओरडून मागे झाला आणि पातेलं कलंडलं. बहुतेक सगळं त्याच्याच पायांवर सांडलं. थोडं ओव्हनमध्ये गेलं, थोडं त्याच्या दारावर आपटून उडालं ते जावेच्या हनुवटीवर आणि हातावर. तो माझ्या अंगावर यायला निघाला. डोळ्यांत रक्त उतरलं होतं, चांगला हात माझ्या गळ्याकडे आला होता. पण कॉस्टिकनं फरशी बुळबुळीत होते. त्याचा पाय सटकला आणि तो त्याच थारोळ्यात कुशीवर पडला. मग जो ओरडला, ते माणसाचं ओरडणं वाटत नव्हतं.

मी जावेला बखोटीला धरून मोरीत ओढलं. नळाखाली तिची हनुवटी आणि हात धरले, अंगावरची साडी फेडून बाजूला टाकली. ती सुटायला बघत होती.

"जळतंय, सोड, जळतंय—"

"डोळे मीट. हलू नकोस. पाणीच हवं. नुसतं पाणी."

दार उघडंच होतं. सातपाटीची मावशी आत आली, हातात कोयता तसाच.

"काय झाला? कोनी मारला कोनाला?"

"मावशी, फरशीवर पाय देऊ नका! ॲसिडसारखं आहे ते!"

तिनं एका नजरेत सगळं पाहिलं. पायात रबरी चपला होत्या, त्यांत तिनं पाय घट्ट बसवले आणि कोयता दारापाशी ठेवला. दीर लोळत ओट्याच्या खालच्या कप्प्यापर्यंत गेला होता आणि व्हिनेगरची बाटली उघडत होता. आंबट घातलं की कॉस्टिक मरतं एवढं कुठेतरी ऐकलेलं. कातडीवर ते ओतलं तर अजून तापतं आणि अजून भाजतं. मी मोरीतून ओरडले, "ती बाटली घ्या त्याच्या हातातून!"

मावशीनं बाटली हिसकावली. मग मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. मोरीतला निळा ड्रम पाण्यानं भरलेला होता.

"ह्याच्यावर पन पानी मारू काय?"

मी नळ आणखी सोडला. माझा एक हात जावेच्या मानेवर होता, दुसरा नळावर. पाण्याखालून जावेनंच डोकं वर काढलं. हनुवटीची कातडी पांढरी पडून सुटत होती.

"मारा," ती म्हणाली. "जगू दे त्याला."

लग्नानंतर नवऱ्याचा उल्लेख तिनं 'त्याला' असा केल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

मावशीनं बादलीवर बादली ओतली. तो शिव्या देत होता, हिंदीत, मराठीत, मग नुसताच कण्हायला लागला. ती त्याला म्हणाली, "पाय लांब कर. आमी काय तुला लाड करायला नाय आलो. लांब कर पाय!" शेजाऱ्यांनी बोलावलेली रिक्षा येईपर्यंत आम्ही पाणी थांबवलं नाही. पाहुणा दारात आला, आत पाहिलं आणि तसाच जिना उतरून गेला.

रुग्णालयात दिरानं डॉक्टरांना सांगितलं की ओव्हन साफ करताना अपघात झाला. हवालदार आला तेव्हाही तेच सांगितलं. हवालदार जावेच्या खाटेपाशी आला. तिच्या हनुवटीला पट्टी होती, बोलताना दुखत होतं.

"बाई, साफ करताना सांडलं ना?"

"नाही," ती म्हणाली. "त्यानं माझं तोंड तापलेल्या ओव्हनमध्ये कोंबलं. माझे हात बघा." आणि ओव्हनच्या कडांवर रोवल्यानं भाजलेले दोन्ही तळवे तिनं पुढे केले.

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. "हात कोणी मोडला त्याचा?"

"मी," मी म्हणाले. "लिहून घ्या."

नवरा पाळी संपवून थेट तिथे आला. आधी भावाच्या खाटेपाशी गेला, मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या गणवेशाला अजून कामावरचा वास होता.

"तू मारलंस दादाला? बत्त्यानं?"

"हो. दोनदा."

"भाऊ आहे गं तो माझा."

"मग जा त्याच्याजवळ बस."

तो गेला. ते आठ-दहा दिवस तो भावाचे पाय धुवायला, पट्ट्या बदलायला जात होता, आणि मी जावेजवळ बसत होते. आम्ही दोघं एकाच कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर चहा घ्यायचो. मला वाटलं, आमचंही संपलं. जामीन झाल्यावर त्यानं भावाला गावी नेऊन सोडलं आणि एकटा परत आला. घरी आला तर मी स्वयंपाकघराची फरशी घासत होते. कॉस्टिकनं तिची चमक गेली होती, पांढरे ओघळ उमटले होते. तो माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "उद्या पोलिसांत जबाब द्यायला जातो."

"तू होतास कुठे? तू काय सांगणार?"

"भिंतीतून जे ऐकू यायचं ते."

आणि त्यानं ते सांगितलं. मी बाहेर बाकावर बसले होते. आतून त्याचा आवाज येत होता. धप्प आवाज, शांतता, कपाटाचं दार. त्याला सगळं ऐकू येत होतं, क्रमानं पाठ होतं. गावाहून सासऱ्यांचा फोन आला की तू आम्हाला मेलास. तो फोन ठेवून तो बाल्कनीत गेला, दिराच्या उरलेल्या कॉस्टिकच्या डब्या एका जाड पिशवीत भरल्या आणि ते योग्य ठिकाणी द्यायला कारखान्यात कोणाला विचारायचं, हे मला विचारलं.

ओव्हन गेला. ट्रेला भोकं पडली होती, आतला मुलामा सोलून निघाला होता. पुन्हा त्यात काही भाजणं धोक्याचं होतं. जावेच्या हनुवटीवर डाव्या बाजूला ओढल्यासारखा व्रण राहिला. दिराच्या एका पायाची बोटं आखडली. तो काठी घेऊन चालतो असं कळतं. पालघरच्या न्यायालयात खटला चालू आहे. तारखेला तो येतो, समोरच्या बाकावर बसतो. पहिल्या तारखेला जाऊ त्याला बघून माझ्यामागे सरकली होती. आता ती त्याच्याकडे बघत नाही, पुढे कोणाचं नाव पुकारतात तिकडे लक्ष असतं.

माझं मला काय झालं तेही लिहिते. त्याचं हाड मोडल्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण दुसरा घाव गरज म्हणून घातला नव्हता. पहिल्याचा आवाज आल्यावर माझ्या हातांना अजून हवं होतं. जावेनं सांगितलं होतं तसंच, तेवढा क्षण बरं वाटलं होतं. मला त्याचीच भीती वाटते.

जाऊ आता उमरोळीला एका खोलीत राहते, स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. नवीन ओव्हन तिनं तिच्या नावावर घेतला. खारी आणि नानकटाई करते, पालघरच्या दोन दुकानांत माल जातो, काही गिऱ्हाइकं खोलीवरच येतात. मी सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जाते, पुडे भरायला हात लावते.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एक बाई पहिल्यांदाच आली होती, नवी लग्न झालेली वाटत होती. पुडा घेताना तिची नजर जावेच्या हनुवटीवर अडकली.

"भाजलंय का काकू? ओव्हननं?"

मी जावेकडे पाहिलं. शेजारपाजारचे विचारायचे तेव्हा ती काहीतरी सांगून विषय बदलायची. त्या दिवशी तिनं पुड्याला दोरा बांधता बांधता सरळ सांगितलं.

"नवऱ्यानं भाजलं."

बाई पुडा हातात घेऊन तशीच दारात उभी राहिली, बाहेर ऊन होतं, ती काही निघेना. जावेनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं.

"बस," ती म्हणाली. "घाई नाही मला."